अकरावीला मानसशास्त्र : मुलीचा निश्चय आणि घरातले तीन आक्षेप

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. यंदा दहावी झालेल्या माझ्या मुलीला ८७ टक्के गुण मिळाले आहेत आणि अकरावीला कला शाखेत जाऊन मानसशास्त्र घ्यायचे, असे तिने ठरवले आहे. या निश्चयामागे एक प्रसंग आहे. सराव परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गातील एका मैत्रिणीचा तिला फोन आला. ती मुलगी रडत होती, तिला धाप लागली होती आणि 'सगळं पाठ केलेलं पुसून गेलं' एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझी मुलगी तासभर तिच्याशी बोलत राहिली. पण आपण बोललो ते योग्य होते की अयोग्य, हे आपल्याला कळलेच नाही, ही रुखरुख तिला तेव्हापासून लागून राहिली आहे.

घरात मात्र तीन तोंडांनी विरोध आहे. सासूबाईंच्या मते हा 'वेड्यांच्या डॉक्टरांचा' विषय असून मुलीच्या जातीला तो नको. यजमानांचे म्हणणे असे की, एवढे गुण असताना विज्ञान शाखा सोडणे म्हणजे ताटातले वाढलेले अन्न परत करण्यासारखे आहे. माझा भाऊ अभियंता आहे. शहाण्या माणसाला जे आधीच ठाऊक असते त्याला अवघड नावे दिली की मानसशास्त्र होते, असे तो हसत हसत म्हणतो. पण त्याचे म्हणणे मला अधिक टोचते, कारण त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, पुढे या क्षेत्रात ती गेलीच नाही, तर या दोन वर्षांतून तिच्या पदरात नेमके काय पडेल? आणि गेलीच, तर आज कोणती काळजी घ्यायला हवी? ऑनलाइन प्रवेशाचा पसंतीक्रम भरायला फार दिवस उरलेले नाहीत.

फळा-खडू

ताई, मी एका कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे मानसशास्त्र शिकवत आहे आणि आपल्या भावांचा आक्षेप दर जूनमध्ये कोणाच्या ना कोणाच्या पालकांकडून ऐकतो. मला तो आवडतो, कारण तो वर्गातच तपासून पाहता येतो.

पहिल्या आठवड्यात मी मुलांना विचारतो की, धडा दोनदा वाचलेला बरा, की एकदा वाचून पुस्तक मिटावे आणि आठवेल तेवढे कागदावर लिहावे, ते बरे? जवळजवळ सगळे हात दोनदा वाचण्याच्या बाजूने वर होतात. मग मी त्यांना रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांचा २००६ सालचा प्रयोग सांगतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदाच वाचून नंतर न पाहता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चाचणी घेतली, तेव्हा मात्र लिहून काढलेल्या उताऱ्यातील ५६ टक्के भाग लक्षात होता आणि दोनदा वाचलेल्यातील केवळ ४२ टक्के. शहाण्या माणसाला हे आधीच ठाऊक असते, तर मार्च महिन्यात घरोघरी तोच धडा सातव्यांदा वाचण्याचा गजर ऐकू आला नसता. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटला की आपल्याला तो येतो असे मन धरून चालते. सगळी गफलत तिथे आहे. आपल्या मुलीच्या मैत्रिणीचे 'पुसून गेलं' ऐकून मला हेच आठवले. त्या रात्री भीतीने तिला घेरले होते हे तर खरेच, पण त्यातील काही भाग पुसला गेला नसून मुळात उमटलेलाच नव्हता, अशीही शक्यता आहे.

आता प्रात्यक्षिकाचे सांगतो, कारण या विषयाचा खरा लाभ मला तिथे दिसतो. आमच्याकडे आरशातील रेखाटनाचे एक जुने उपकरण आहे. टेबलावर दुहेरी रेषांनी काढलेली चांदणी ठेवायची, ती थेट दिसू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा करायचा आणि पलीकडे उभा आरसा लावायचा. विद्यार्थ्याने फक्त आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ रेषेवर फारसे बिघडत नाही. पण चांदणीच्या कोपऱ्यावर पेन्सिल आली की ती थरथरते, जायचे असते त्याच्या उलट दिशेला सरकते, आणि हाताला जणू कोणी दुसराच धरून ओढतो आहे असे वाटून मुले स्वतःशीच हसू लागतात. गेल्या वर्षी वर्गात चित्रकलेत सर्वांत तरबेज असलेल्या मुलीला पहिल्या फेरीला चार मिनिटे लागली आणि तिच्या २३ चुका झाल्या. दहाव्या फेरीला तिला ५० सेकंद पुरले. त्यानंतर मी तिला डाव्या हाताने काढायला सांगितले, तेव्हा त्या हाताला सराव काहीच नसताना तिने ती चांदणी दीड मिनिटात पूर्ण केली; म्हणजे उजव्या हाताने शिकलेले न शिकवताच डाव्याला थोडेफार आले होते. प्रयोगवहीत शेवटी 'आत्मनिवेदन', म्हणजे प्रयोग करताना स्वतःला काय जाणवले ते, लिहायचे असते. तिथे तिने लिहिले होते, 'डोळ्यांना कळत होते, हाताला कळत नव्हते. माझा लहान भाऊ अक्षर उलटे काढतो तेव्हा मी त्याला रागावते.' या दोन वाक्यांना मी पूर्ण गुण दिले आणि खाली काहीही शेरा लिहिला नाही.

सोळाव्या वर्षी मुलांना स्वतःविषयी आणि जगाविषयी कमालीची खात्री असते. ती खात्री न दुखावता थोडी सैल करणारा विषय माझ्या माहितीत हाच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या आणि काहींना 'गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता' असे, तर काहींना 'गाड्या चक्काचूर होऊन आदळल्या तेव्हा' असे विचारले. जोरकस शब्द ऐकणाऱ्यांनी वेग अधिक सांगितला. पुढच्या प्रयोगात एकच चित्रफीत पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्याने फुटलेली काच दिसली होती का, असे विचारले, तेव्हा जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी आणि साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी होकार दिला. चित्रफितीत काच कुठेच फुटलेली नव्हती. हा प्रयोग शिकलेला मुलगा उद्या वकील होवो, पत्रकार होवो किंवा भावकीच्या भांडणात दोघांचे ऐकून घेणारा वडीलधारा होवो, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' या वाक्यापुढे तो क्षणभर थांबतो. त्याचप्रमाणे अमुक चूर्णाने स्मरणशक्ती वाढली असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की, माझ्या विद्यार्थिनी विचारतात, 'आणि ज्यांनी घेतले नाही त्यांचे काय झाले?' तुलनेसाठी दुसरा गट लागतो, ही एकच गोष्ट जरी त्या दोन वर्षांत घेऊन गेल्या, तरी मी समाधानी आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या शास्त्रातील सगळेच निष्कर्ष टिकलेले नाहीत. २०१५ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून आधी प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले, तेव्हा त्यांपैकी एक तृतीयांशाहून किंचित अधिक अभ्यासांतच पूर्वीचा निष्कर्ष पुन्हा हाती लागला. मी हे बारावीच्या वर्गात मुद्दाम सांगतो. काही मुले हिरमुसतात, तर काहींचे डोळे तेव्हाच चमकतात.

निळी शाई

मी चिकित्सा मानसतज्ज्ञ, म्हणजे औषधे न देता मानसिक त्रासांवर उपचार करणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते. फळा-खडू सरांच्या प्रतिसादात मला जे राहून गेलेले वाटते, तेवढेच लिहिते.

प्रथम त्या फोनविषयी. आपल्या मुलीने तासभर ऐकून घेतले, फोन ठेवला नाही, हे तिने योग्यच केले, असे तिला अवश्य सांगा. राहिले असेल तर एवढेच की, त्या मैत्रिणीच्या घरातील एखाद्या मोठ्या माणसाला जागे करायला हवे होते. धाप लागणे, छाती धडधडणे, हातपाय गार पडणे ही धोका आहे असे समजून शरीराने केलेली तयारी असते आणि ती काही वेळात ओसरते, हे अकरावी-बारावीच्या अभ्यासातून तिला कळेल. परंतु त्या अभ्यासाने ती समुपदेशक होणार नाही, आणि मैत्रिणींच्या दुःखाचे ओझे तिने एकटीने वाहावे अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. कोणत्या क्षणी गोष्ट मोठ्यांच्या हाती सोपवायची, हे ओळखता येणे मला या वयात सर्वांत मोलाचे वाटते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा, विषय कोणताही घेवो.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. बारावीला मानसिक विकृतींचा भाग आला की घराघरांत निदानांची साथ येते. दोनदा कडी तपासणारी आजी 'ओसीडी' (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) ठरते, वडील 'नार्सिसिस्ट' (आत्मप्रेमात बुडालेले) होतात आणि स्वतःच्या प्रत्येक उदास संध्याकाळीला नैराश्य म्हटले जाते. मीही त्या वयात माझ्या आत्येला तीन आजार लावले होते. तिने मला पोहे करायला बसवून विषय संपवला. चांगला शिक्षक इथे लक्षणांइतकाच कालावधीवर आणि दैनंदिन जीवनात येणाऱ्या अडथळ्यावर भर देतो, आणि निदान करणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे, हे सुरुवातीलाच बजावतो.

सासूबाईंविषयी मला आदरपूर्वक असे वाटते की, त्यांचा समज हवेतून आलेला नाही. त्यांच्या पिढीला या विषयाचा परिचय येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या नावांनीच झाला, आणि ती नावे कुजबुजत घेतली जात. परंतु याच महाराष्ट्रात आप्पा पेंडसे या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी ही शिक्षणसंस्था उभी केली आणि बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचा उपयोग शिक्षणासाठी केला. मुले कशी शिकतात, माणसे एकत्र कशी काम करतात, म्हातारपणी स्मरण कसे बदलते, हेही सगळे याच विषयात येते, आणि त्यांतील शेवटच्या प्रकरणात सासूबाईंना कदाचित स्वतःलाच रस वाटेल.

यजमानांच्या प्रश्नाला मात्र हो-नाहीत उत्तर देता येत नाही. मुलीला औषधे लिहून देणारी मनोविकारतज्ज्ञ व्हायचे असेल, तर त्यासाठी आधी एमबीबीएस आणि मग त्यातील पदव्युत्तर शिक्षण लागते, म्हणजे अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवेच. कला शाखेतून ती वाट जवळजवळ बंद होते. हा निर्णय आजचाच आहे, तो नंतर फिरवणे फार अवघड जाते, म्हणून तिला स्पष्ट विचारा. मानसतज्ज्ञ व्हायचे असेल, तर कला शाखा चालते. त्यासाठी पदवी, मग पदव्युत्तर पदवी, आणि चिकित्सेच्या क्षेत्रात काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण व परिषदेकडे नोंदणी, एवढा लांबचा पल्ला आहे. केवळ बी.ए. करून पाटी लावता येत नाही, हे पालकांना फार उशिरा कळते.

आणि गणित सोडू नका. पदवीच्या वर्गात संख्याशास्त्र समोर आले की कला शाखेतून आलेल्या कितीतरी हुशार मुली गळपटतात. मंडळाचे 'गणित आणि संख्याशास्त्र' हे पुस्तक कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी एकच आहे. आपल्या निवडलेल्या महाविद्यालयात कला शाखेला ते घेता येते का, याची चौकशी करा.

तिसरा बाक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण माझ्या मुलाने हाच विषय घेतला होता आणि त्याच्या वाट्याला आरसाही आला नाही, चांदणीही आली नाही. संस्थेचे नाव लिहीत नाही. दोन वर्षे शिक्षकांनी खुर्चीत बसून टिपणे सांगितली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. प्रयोगवही वर्षाच्या अखेरीस एका रात्रीत, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीवरून भरली गेली, अगदी सेकंदांच्या आकड्यांसकट, आणि 'आत्मनिवेदन' या मथळ्याखाली साऱ्या वर्गाने 'मला प्रयोग करताना आनंद झाला' हे एकच वाक्य लिहिले. मुलाला ९१ गुण मिळाले. स्मरणाच्या पाच व्याख्या त्याला आजही तोंडपाठ आहेत. अभ्यास मात्र तो पूर्वीसारखाच सात वेळा वाचून करतो.

म्हणून माझा आग्रह असा की, विषयाचे गुणगान ऐकून पसंतीक्रम भरू नका. महाविद्यालयात जा, प्रयोगशाळा किंवा निदान कपाट दाखवा म्हणा, बारावीच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींतील आकडे सारखे असतील, तर निमूटपणे चहा पिऊन परत या.

फळा-खडू

तिसरा बाक यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि वहीची त्यांनी सांगितलेली कसोटी मी स्वतःच्या वर्गावरही लावीन. फक्त एवढे जोडतो की, उपकरणे नसणे ही शिक्षकाला सबब होऊ शकत नाही. रंगीत खडूंनी फळ्यावर 'लाल' हा शब्द निळ्या रंगात आणि 'हिरवा' हा शब्द लाल रंगात लिहून मुलांना शब्द न वाचता खडूचा रंग सांगायला लावले की, वाचनाची सवय किती आडवी येते हे साऱ्या वर्गाला एका मिनिटात कळते. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेला हा प्रयोग आहे आणि त्याला चार खडूंचा खर्च येतो.

माणदेश

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. बारावीला मानसशास्त्र घेतले होते, पुढे या क्षेत्रात गेलो नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात, तिथे बरोबरीच्या उमेदवारांपेक्षा मला सोपे गेले, हा एक रोकडा फायदा. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतही हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. पण रोज उपयोगी पडते ते निराळेच. पहिलीतला मुलगा उंच पेल्यात ओतलेले पाणी जास्त आहे असे ठामपणे सांगतो, तेव्हा तो मठ्ठ नसून त्याच्या वयाला तसेच दिसते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्यामुळे मला ठाऊक असते आणि माझा हात छडीकडे जात नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघी दोन महाविद्यालयांत जाऊन आलो. जवळच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा पाहायची आहे म्हटल्यावर लिपिकांनी आम्हाला रसायनशास्त्राच्या दारापर्यंत नेऊन सोडले. दुसरे महाविद्यालय एसटीने ५० मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथल्या मॅडमनी कपाट उघडून दिले, आणि मी दोन वह्या मागितल्या तेव्हा त्यांना थोडे आश्चर्य वाटले, पण त्यांनी दिल्या. आकडे वेगळे होते. एका वहीत तर एक फेरी खोडून 'मध्येच हसू आल्यामुळे ग्राह्य धरू नये' असे लिहिले होते.

मनोविकारतज्ज्ञ व्हायचे आहे का, असे मुलीला स्पष्ट विचारले. ती दोन दिवसांनी सांगते म्हणाली, आणि काल रात्री नाही म्हणाली. तिला शाळांमध्ये काम करायचे आहे. यजमानांनी त्यावर फक्त गणिताची अट घातली. दूरच्या महाविद्यालयात ते कला शाखेला मिळते, तेव्हा पसंतीक्रमात ते पहिले भरले आहे. भावाला दोनदा वाचण्याचा प्रश्न फोनवर विचारला. त्याने दोनदा वाचणे असेच उत्तर दिले आणि आकडे सांगितल्यावर, किती विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला होता, असे विचारले. मुलगी म्हणते, मामाला हा विषय घ्यायला लावायला हवा होता.